बिननावाची मापं

टेलरबाईंच्या दुकानात आरसा एकच, आणि तोही अर्धा. त्यात कमरेखालचं काही दिसत नाही. एखादी नवखी बाई टाचा उंचावून स्कर्टचा घेर बघायला लागली की टेलरबाई तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणत, "खालचं मी बघते की. तुम्ही चेहरा तेवढा हसरा ठेवा."

तोंडात टाचण्या धरून स्पष्ट बोलण्याची ही कला त्यांनी छत्तीस वर्षांत कमावली होती. दुकान दोन खोल्यांचं. पुढे मशीन, कापायचं लांब टेबल, आणि भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे. कुणाला एकच बाही, कुणाला गळाच नाही, सगळे नुकतेच अपघातातून वाचल्यासारखे. मागे पडद्याआड माप घ्यायची जागा. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर. तिथून कुणाचं कण्हणं ऐकू आलं की टेलरबाई लगेच मोठ्याने गप्पा सुरू करत, कारण माप देणारी बाई दचकते, दचकली की अंग चोरते, आणि अंग चोरलं की माप चुकतं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मापात बसणारा मिळाला नाही." हा विनोद त्या पंचवीस वर्षं करत होत्या, पण दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करून.

काम त्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली शिकल्या. मास्तर पुरुषांचे कोट शिवायचे आणि बोलायचे कमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात कोरी वही ठेवली आणि सांगितलं, "मापाच्या वहीत नाव लिहायचं नाही. कपड्याच्या आत काय आहे ते फक्त दोघांना ठाऊक असतं, एक देव आणि एक शिंपी. देव कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस."

मग गिऱ्हाईक ओळखायचं कसं? तर पानाला त्याच्या कापडाची चिंधी टाचायची आणि आकड्यांखाली एखादी खूण लिहायची, आपल्यालाच कळेल अशी. मास्तरांच्या खुणा एका शब्दाच्या असत. 'पाठ.' 'दमा.' टेलरबाईंना लिहायची हौस. त्यांच्या खुणा वाढत वाढत दोन-दोन ओळींच्या झाल्या. 'पोट आत ओढून उभी राहते, श्वास सोडेपर्यंत थांबावं.' 'आई सोबत असली की हिला काही आवडत नाही, एकटी आली की सगळं आवडतं.' 'डावा खांदा पाऊण इंच खाली. ऑफिसची बॅग.' अशा चौदा वह्या भरल्या होत्या. नाव एकाही पानावर नव्हतं.

या वह्यांपैकी अकरा जुन्या वह्या त्यांनी एका मंगळवारी उठून भाचीला देऊन टाकल्या.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची आणि कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांचे प्राणी करायची. आता तेवीस वर्षांची होती, चित्रकलेचं शिकून बाहेर पडली होती आणि सहा मित्रमैत्रिणींबरोबर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडणार होती. विषय होता ओळख आणि समाज. कार्डावर तसं छापलंही होतं, आणि खाली 'आपण कोण, हे ठरवतं कोण?' असा प्रश्न.

"मावशी, तुझ्या जुन्या वह्या देशील? प्रदर्शनासाठी."

मागच्या वर्षी याच मुलीने घरातल्या सगळ्या रद्दीचा लगदा करून माणसाएवढी तीन मुंडकी केली होती. त्यातलं एक अजून टेलरबाईंच्या बहिणीच्या बाथरूममध्ये होतं, कारण ते दारातून बाहेर निघत नव्हतं. तेव्हा वह्या म्हणजे लगदा, हे टेलरबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं.

"ने की. एवीतेवी लगदाच व्हायचा होता त्यांचा," त्या म्हणाल्या.

"असं नको म्हणूस, मावशी. खजिना आहे हा," म्हणत भाचीने त्यांना मिठी मारली आणि वह्या उचलून नेल्या. टेलरबाईंना वाटलं, काय गुणी पोर आहे, लगद्यालाही खजिना म्हणते.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. भाचीने दिलेली शंभर कार्डं घेतली आणि चार दिवसांत जे जे कपडे तयार होऊन गेले, त्या प्रत्येकाच्या कॉलरला एकेक कार्ड टाचलं. "शनिवारी पाच वाजता. माझ्या भाचीचं आहे. माझ्या वह्याही लागल्यात त्यात कामाला," असं प्रत्येकीला सांगितलंही. तीस-पस्तीस जणींनी येते म्हटलं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर कार्ड दोनदा वाचलं, घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "पाच म्हणजे पाचलाच ना? की कलाकारांचे पाच?"

मुख्याध्यापिकाबाई टेलरबाईंच्या तीस वर्षांच्या गिऱ्हाईक. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या तोंडून दुकानाचं नाव ऐकून आलेली. शाळेतल्या शिक्षिका, त्यांच्या बहिणी, पुढे मोठ्या झालेल्या विद्यार्थिनी.

शनिवारी सकाळी दहाला टेलरबाई हॉलवर पोचल्या त्या काळ्या कापडाचं गाठोडं घेऊन. भाचीच्या गटातल्या एका चष्मेवाल्याला कोपऱ्यात अंधारी खोली हवी होती. आत पडद्यावर तो स्वतःच चाळीस मिनिटं काही न बोलता बघणाऱ्याकडे बघत बसणार होता. त्या खोलीसाठी दुहेरी काळा पडदा टेलरबाईंनी शिवून आणला होता.

"कुठे लावायचा तुझा अंधार?" म्हणत त्या आत शिरल्या आणि समोरच्या भिंतीपाशी थांबल्या.

भिंतीवर चौसष्ट पानं होती. आठाच्या आठ ओळी, दिव्याच्या झोतात. लगदा नव्हे. पानं. त्यांच्या अक्षरातली, छाती, कंबर, मुंढा, बाही, आणि खाली खुणा. शेजारी छापील पाटी: 'बाईच्या देहाची मोजणी आणि तिच्या ओळखीची शिवण.'

"कशी वाटली?" भाची मागून आली. हाताला गोंद, डोळ्यांत झोप. "मावशी, तुला माहितीये तू काय लिहून ठेवलंयस? आमचे कॉलेजातले सर बघून गेले, म्हणाले, सगळ्या प्रदर्शनात हीच भिंत बोलते."

"तेच तर," टेलरबाई म्हणाल्या. "बंद कर तिला. काढ पानं."

भाचीला आधी गंमत वाटली, मग कळलं की गंमत नाही. "अगं पण नाव कुठे आहे एकाही पानावर? कुणाला कळणारे?"

टेलरबाईंनी चष्मा लावला आणि तिसऱ्या ओळीतलं एक पान वाचलं. "'आली की आधी पंखा लावते. माप घेताना टेप स्वतः धरायला बघते. कुठल्याही रंगाला धुतल्यावर जाईल का विचारते, पांढऱ्यालासुद्धा.' कोण ही?"

भाची हसली. "आई."

"कळलं ना? एका क्षणात कळलं. आणि ही तुझी आई आहे, निदान हसेल तरी. हसेल का?"

"नाही," भाची विचार करून म्हणाली.

"आज पाच वाजता पस्तीस बाया येतायत. मीच बोलावल्यात. शेजारणीला शेजारीण ओळखेल, नणंदेला भावजय." टेलरबाई पुढे सरकल्या. नजरेच्या अगदी समोर एक पान होतं, बाकीच्यांपेक्षा थोडं वेगळं, भोवती जागा सोडून लावलेलं. "हे मध्येच का?"

"ते सगळ्यात सुंदर आहे म्हणून."

'चौथा महिना. घरी माहीत नाही. शिलाईत दोन बोटं सोडावी.'

"ही येणारे आज," टेलरबाई म्हणाल्या. "सासूला घेऊन."

"पण हे जुनं असेल ना? आता तर मूल शाळेत..."

"नाही झालं मूल."

कोण, कधी, काय झालं, हे विचारायला त्या पोरीने तोंड उघडलं नाही, तेवढ्यावर टेलरबाईंना जरा बरं वाटलं. मग भाचीनेच हळू आवाजात शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, वर्षभर हे काम माझ्या डोक्यात आहे. भिंत रिकामी ठेवून मी कुठे उभी राहू?"

"काम तुझं आहे," टेलरबाई म्हणाल्या. "बाया माझ्या आहेत."

एवढं बोलून त्या खाली गाठोड्यावरच बसल्या. पोरीचा चेहरा उतरलेला बघवत नव्हता आणि भिंत तर त्याहून बघवत नव्हती. पानं काढून घरी नेणं सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. पण पाच वाजता येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी सांगितलं होतं, माझ्या वह्या आहेत. कुठे आहेत म्हणून विचारलं की काय सांगणार? आणि एवढा जिवाचा आटापिटा करणारी ही पोर, हिला सगळ्यांदेखत भुंडी भिंत द्यायची?

"चिंध्या कुठे आहेत?" त्यांनी एकदम विचारलं. "पानांना टाचलेल्या."

"त्या काढल्या. रंगांमुळे अक्षर वाचलं जात नव्हतं." भाचीने टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला. आत सगळ्या चिंध्या एकत्र, मुठीएवढा रंगीत गोळा.

टेलरबाईंनी त्यातली एक उचलली, निळी, बारीक ठिपक्यांची. बोटांत चोळली आणि न शोधता पाचव्या ओळीतल्या पानाखाली धरली. दुसरी उचलली, ती पहिल्या ओळीतल्या पानाखाली. भाची बघत राहिली.

"तुझं म्हणणं काय आहे पाटीवर? ओळख, नाही का?" टेलरबाई म्हणाल्या. "अक्षर वाचून सगळेच ओळखतील. चिंधी मात्र जिची तिलाच कळेल. बाईला आपलं कापड पन्नास कापडांत कळतं. पानं पिशव्यांत घालू. चारी बाजूंनी शिवून टाकू. वर चिंधी लावू. जिची तिने ओळखावी. वाटलं तर उसवून बघावं, वाटलं तर घरी न्यावी."

"मग शेवटी भिंतीवर राहणार काय?"

"जे कुणाचं नाही ते."

भाचीने भिंतीकडे बघितलं, मग डब्याकडे. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "पिशव्यांना कापड?"

टेलरबाईंनी ढुंगणाखालचं गाठोडं थोपटलं.

चष्मेवाला धावत आला. "मावशी, तो माझा पडदा आहे."

"दुहेरी आहे. एक पदर तुला ठेवते."

"एका पदराने पूर्ण अंधार होणार नाही."

"अरे, चाळीस मिनिटं तुझ्याकडेच बघायचंय. थोडा उजेड असला तर लोकांना घड्याळ तरी दिसेल."

दाढीवाला, जो गटाचा पुढारी होता, स्कूटरवरून जाऊन दुकानातलं हातमशीन घेऊन आला. मग हॉलच्या मधोमध सात जणांचा कारखाना बसला. समाजाची उकल करायला निघालेल्या त्या सात जणांत भाचीखेरीज सुईत दोरा ओवता येणारी एकच निघाली, तीही दगडात कोरणारी. बाकीच्यांना टेलरबाईंनी कापायला, घड्या घालायला आणि गप्प बसायला लावलं. पानं पिशवीत घालताना अक्षर खाली करून घालायचं, वाचायचं नाही, हा नियम. दाढीवाल्याने एक वाचलं, तर त्याच्या बोटावर फूटपट्टी बसली. चौसष्ट पिशव्यांची शेवटची टीप पडली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि मुख्याध्यापिकाबाई जिन्यात होत्या.

लोक आले. चष्मेवाल्याच्या खोलीत माणसं शिरत आणि लगेच बाहेर येत. दगडी मुखवट्यांपुढे कुणीतरी मुलाला उभं करून फोटो काढला. पण काळ्या पिशव्यांच्या भिंतीपुढे बायका रेंगाळायला लागल्या. आधी लांबून, मग जवळ जाऊन. "अगं, हे माझ्या लाल कोटाचं," एक म्हणाली. दुसरी हिरव्या चिंधीवर बोट फिरवत उभी राहिली. दगडात कोरणाऱ्या मुलीने छोटी कात्री पुढे केली. उसवलेलं पान वाचून कुणी हसलं, कुणी शेजारणीला वाचून दाखवलं. टेलरबाईंच्या बहिणीनेही आपलं वाचलं आणि भाचीला विचारलं, "पांढऱ्यालासुद्धा, हे काय?" एक तरुण बाई सासूच्या पाठीमागून हात लांबवून एक पिशवी तशीच शिवलेली पर्समध्ये टाकून गेली. तिच्याकडे टेलरबाईंनी बघितलं नाही. छत्तीस वर्षांत न बघण्याचीही त्यांना सवय झाली होती.

सगळं छान चाललं होतं, म्हणजे आता कुणीतरी भाषण करणार हे उघड होतं. दाढीवाला स्टुलावर चढला. सगळ्यांचे आभार मानले, समाजाचेही मानले, आणि मग उत्साहात म्हणाला, "या भिंतीची खरी गंमत सांगतो. आज सकाळपर्यंत ही सगळी पानं उघडी लावलेली होती. सर बघून गेले, आम्ही सगळ्यांनी वाचली, काय एकेक आहे..."

भाचीने त्याची पँट ओढली, पण उशीर झाला होता.

बायकांच्या माना वळल्या, स्टुलाकडे नाही, टेलरबाईंकडे. बँकेत काम करणारी उंच बाई, जिला नेहमी सगळे कपडे एक माप सैल लागत, तिने हातातली पिशवी घट्ट धरली आणि विचारलं, "म्हणजे वाचलंय सगळ्यांनी?"

टेलरबाई मशीनच्या मागे उभ्या राहिल्या. नेमक्या आज त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. "वाचलंय," त्या म्हणाल्या. "या सात जणांनी आणि यांच्या सरांनी. चूक पोरांची नाही. वह्या मी दिल्या. मला वाटलं, लगदा करतील. विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं. वह्या माझ्या ताब्यात होत्या, त्या सांभाळायचं काम माझं होतं."

बँकेतली बाई पिशवी पर्समध्ये टाकून सरळ जिना उतरली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. बाकीच्या उभ्या होत्या, पण जावं की राहावं अशा पेचात. आणि त्यातल्या बऱ्याच जणी, सवयीने, मुख्याध्यापिकाबाईंकडे बघत होत्या.

मुख्याध्यापिकाबाई भिंतीपाशी गेल्या. सहाव्या ओळीत राखाडी, बारीक रेघांची चिंधी होती. ती पिशवी त्यांनी काढली आणि कात्रीसाठी हात पुढे केला. टेलरबाईंना ते पान पाठ होतं. 'उजव्या दंडावर भाजल्याची जुनी खूण. बाही कोपराखालीच, उन्हाळ्यातही. विचारलं नाही.'

बाईंनी एकेक टाका कापला, शाळेत प्रश्नपत्रिकांची पाकिटं उघडावीत तसा, कडा न फाडता. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पानाची घडी केली.

"विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तीस वर्षं?"

"कपड्यासाठी जेवढं लागतं तेवढंच बघायचं असतं, मॅडम."

मुख्याध्यापिकाबाईंनी घडी पर्समध्ये ठेवली आणि स्टुलावर अजून तशाच उभ्या असलेल्या दाढीवाल्याकडे वळल्या. "उतरा खाली. आणि तुम्ही सातही जण इकडे या. काय वाचलंत ते बाहेर कुठे बोललात तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नका." सात जण, पुढच्या आयुष्यात कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवलेले, एका ओळीत उभे राहून माना हलवू लागले. कोपऱ्यात कुणीतरी हसलं. मग बायका पुन्हा भिंतीकडे सरकल्या, पण पहिल्याइतक्या मोकळ्या नाहीत.

प्रदर्शन नऊ दिवस चाललं. शेवटी भिंतीवर अकरा पिशव्या उरल्या. भाचीने त्या उसवल्या नाहीत. मावशीच्या दुकानात आणून दिल्या आणि म्हणाली, "सर म्हणाले, काम संपत गेलं तसं चांगलं होत गेलं. मला अजून नीट कळलं नाही त्यांना काय म्हणायचंय."

"मला विचारू नकोस. मी अंधार कापून दिला, तेवढंच माझं काम."

बँकेतली बाई परत आली नाही. ती बाजारातल्या मोठ्या दुकानात तयार कपडे घेते, आणि खांदे तिला बसत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. टेलरबाईंना त्याचा आनंद झाला नाही. पुढचे कितीतरी दिवस त्या दुकानावरून जाताना काचेतल्या कपड्यांच्या खांद्यांकडे त्यांची नजर जायची. बाकीच्या काही आल्या, काहींनी बराच वेळ लावला.

मुख्याध्यापिकाबाई मात्र प्रदर्शनानंतरच्या पहिल्याच सोमवारी आल्या, कोटाचं कापड घेऊन. पडद्याआड उभ्या राहिल्या. टेलरबाईंनी टेप लावला, "कंबर चौतीस," म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

"बघू," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

आजवर कुणी वही बघू म्हटलं नव्हतं. टेलरबाईंनी क्षणभर विचार केला आणि वही वळवून त्यांच्यापुढे धरली.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सारखा केला. "इथे पस्तीस लिहिलंय."

"हो."

"तुम्ही चौतीस म्हणालात."

"म्हणायचं एक कमी आणि लिहायचं खरं. नाहीतर कोट कसा बसेल?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. सगळ्यांनाच."

वर दातांच्या डॉक्टरकडे कुणीतरी कण्हलं, पण दोघींपैकी कुणी दचकलं नाही.

"यापुढे मला खरं सांगत जा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मग पडदा सारून बाहेर येता येता थांबल्या. "नको. चौतीसच म्हणत जा. लिहा मात्र खरं."